कोणती बहिणाबाई? मुलांना इतिहासातल्या कर्तबगार बायका पुस्तकांतून भेटवताना

जळगावातल्या चौथीच्या पोराला "बहिणाबाई कोण?" असं विचारून बघा. "विद्यापीठ" असं उत्तर येईल, नाहीतर "कवयित्री". त्यापुढे गाडी सरकत नाही. थोडी मोठी मुलं तर तुकारामांची शिष्या असलेल्या दुसऱ्याच, संत बहिणाबाईंची हकिकत बिनदिक्कत आसोद्याच्या बहिणाबाईंच्या नावावर खपवतात. यात मुलांची चूक नाही. त्यांच्या हाती पडणारी पुस्तकं बहुधा जयंतीच्या भाषणासाठी लिहिलेली असतात. त्यांत विशेषणं भरपूर असतात, पण त्या बाईनं सकाळी उठून नेमकं काय केलं ते सापडत नाही.

हा लेख खानदेशातल्या पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि गावात वाचनालय चालवणाऱ्यांसाठी आहे. मुलं चार ते चौदा वर्षांची धरली आहेत. घरात एकच मूल असो की वर्गात चाळीस, रीत तीच.

आधी एवढं जमवा

- वाचनालयाचं सभासदत्व. त्यासाठी साधारणपणे आधार कार्डाची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, अनामत आणि वर्गणी लागते. बालविभागासाठी काही ठिकाणी शाळेचं बोनाफाईड मागतात. अनामतीची पावती जपून ठेवा. ती हरवली की पैसे परत मिळवताना हेलपाटे पडतात.
- महाराष्ट्राचा भिंतीवरचा नकाशा. त्यात तापी ठळक दिसायला हवी.
- चार मीटर सुती दोरी, कपड्यांचे चिमटे, दोन-तीन रंगांच्या फिती आणि मीटरची टेप.
- पोस्टकार्डाच्या मापाचे कोरे पुठ्ठे, एका बाईला एक. तिचं नाव, गाव आणि साल त्यावर लिहायचं.
- पेन्सिल. पेन नको, पुस्तक वाचनालयाचं आहे.

पहिल्या तीन महिन्यांत तीनच बायका घ्या, पण प्रत्येकीवर दोन वेगळी पुस्तकं आणा. एकदम बारा बायकांचा बेत आखला की मुलांच्या डोक्यात सगळ्यांची खिचडी होते.

१. मूल किती वेळ ऐकतं ते पाहा

पुस्तकावर छापलेल्या वयोगटावर जाऊ नका. कुठलीही अनोळखी गोष्ट पाच मिनिटं वाचून दाखवा आणि मूल कधी चुळबुळायला लागतं ते बघा. तेवढ्यावरून अंदाज येतो.

चार ते सहा वर्षांच्या मुलाला सोळा पानं पुरतात. पानावर दोन-तीन वाक्यं आणि मोठं चित्र असावं. बैठक दहा मिनिटांची, आणि त्यात एकच प्रसंग. जन्मापासून मरणापर्यंतचं चरित्र या वयात नको. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना चोवीस ते बत्तीस पानं आणि वीस मिनिटं जमतात. दहानंतर प्रकरणांचं पुस्तक चालतं, पण पहिलं प्रकरण तुम्ही वाचून द्या. चरित्रांचं पहिलं प्रकरण बहुतेक वेळा घराणं, गाव आणि आडनावांनी गच्च भरलेलं असतं; मूल तिथेच पुस्तक मिटतं. तेरानंतर त्या बाईनं स्वतः लिहिलेलं वाचायला द्या.

पाचवी-सहावीतल्या ज्या मुलाला जोडाक्षरं अजून अडतात, त्याच्या हाती चार वर्षांच्या मुलाचं चित्रपुस्तक देऊ नका. त्याला ते कळतं आणि मनाला लागतं. त्याच्या वयाचं पुस्तक घ्या, एक पान तुम्ही वाचा, एक परिच्छेद त्याला द्या.

आणखी एक गोष्ट घरच्या बोलीची. मूल घरी अहिराणी, लेवा, भिली, पावरी किंवा गुजरी बोलत असेल तर पुस्तकातलं पान मराठीत वाचा आणि प्रसंग त्याच्या बोलीत पुन्हा सांगा. "मंग काय व्हयनं?" असं मुलानं विचारलं की गोष्ट पोचली. बोली दुरुस्त करायला जाल तर तो प्रश्न पुन्हा येणार नाही.

२. पहिली बाई जवळच्या गावची निवडा

सर्वसाधारण यादी झाशीच्या राणीपासून सुरू होते. त्यात वाईट काही नाही, पण सहा वर्षांच्या मुलाला झाशी आणि चंद्र सारखेच लांब. मुलानं ज्या गावाची एसटी पाहिली आहे तिथली बाई आधी घ्या.

*बहिणाबाई चौधरी.* जन्म २४ ऑगस्ट १८८०, आसोदा. मृत्यू ३ डिसेंबर १९५१, जळगाव. अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी सुचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकानं ती टिपून ठेवली. त्या गेल्यावर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह छापून आला. मुलांना याची गंमत वाटते: जिला लिहिता येत नव्हतं तिचं पुस्तक! लहानांसाठी घरोट, पेरणी, मोट, उपणणी यांवरच्या रचना घ्या. वाचण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारायला लावा, "घरोट म्हणजे काय?" माळ्यावर पडलेलं जातं खाली निघालं तर त्या दिवशी वाचन झालं नाही तरी चालेल. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. दोनदा वाचून झाल्यावर तिथे न्या. आधी नेलंत तर मुलं नुसत्या वस्तू बघून बाहेर येतात.

*संत मुक्ताबाई.* मुक्ताईनगर हे नाव तिच्यावरून पडलं, जुनं नाव एदलाबाद. परंपरा सांगते की १२९७ मध्ये तापीकाठी मेहूणला, विजांच्या कडकडाटात, वयाच्या अठराव्या वर्षी ती गुप्त झाली. मुलांना सांगायला ताटीच्या अभंगांचा प्रसंग सर्वांत चांगला. मोठा भाऊ रुसून दार लावून बसलाय आणि धाकटी बहीण बाहेरून त्याला समजावतेय. हे प्रत्येक घरात घडतं, वेगळं सांगावं लागत नाही.

*अहिल्याबाई होळकर.* जन्म ३१ मे १७२५, चौंडी; मृत्यू १३ ऑगस्ट १७९५. खानदेशचा धागा सासऱ्यांकडून येतो. मल्हाररावांचं बालपण तळोद्याला मामाकडे गेलं. नंदुरबारच्या मुलांना हे सांगा आणि मग पुस्तक उघडा. मोठ्या सुट्टीत धुळे, शिरपूर, सेंधवा, धामनोद या वाटेनं महेश्वर गाठता येतं. तिथला घाट पाहिल्यावर पुस्तकातली चित्रं खरी वाटायला लागतात.

*रखमाबाई राऊत.* इथे नकाशा लागतो. मुलाला भुसावळपासून तापीवर बोट ठेवून पश्चिमेकडे न्यायला सांगा. प्रकाशा येईल, पुढे गुजरात, शेवटी सुरत. या सुरतेत रखमाबाईंनी डॉक्टर म्हणून अनेक वर्षं काम केलं. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं. मोठेपणी त्यांनी नांदायला जायचं नाकारलं. १८८७ मध्ये कोर्टानं निकाल दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. त्यांनी कैद पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली. त्या लंडनला जाऊन शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. दहा वर्षांच्या मुलाला हे पुरेपूर समजतं.

याखेरीज १९४२ च्या लढ्यातल्या अमळनेर भागातल्या लीलाताई पाटील आहेत, आणि नाडगावात जन्मलेल्या, २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपतिपदी असलेल्या प्रतिभाताई पाटील आहेत. मोठ्या मुलांसाठी त्या चांगल्या.

३. पुस्तक घेण्याआधी पेन्सिलीची परीक्षा

दुकानात किंवा वाचनालयात उभ्या उभ्या पाच मिनिटांत होते. मधलं एखादं पान काढा आणि क्रियापदं मोजा. त्यातली किती क्रियापदं त्या बाईची आहेत?

नमुन्यादाखल दोन उतारे. पहिला असा: "सावित्रीबाई या अत्यंत थोर, त्यागी व तेजस्वी समाजसेविका होत्या. जोतिरावांनी त्यांना शिकवले. त्यांनीच त्यांना शिक्षिका बनवले व शाळेत पाठवले." चार क्रियापदं. सावित्रीबाईंच्या वाट्याला त्यातलं एकच, तेही "होत्या". बाकी सगळं दुसरा कोणी करतो.

दुसरा: "सावित्रीबाई घराबाहेर पडल्या. कोपऱ्यावर अंगावर शेण आलं. शाळेत पोचल्यावर त्यांनी पिशवीतलं दुसरं लुगडं काढलं, नेसल्या आणि फळ्याकडे वळल्या." बाईच्या हातून चार कामं झाली. मुलाला लुगडं दिसतं, पिशवी दिसते, आणि पिशवी आदल्या रात्रीच भरून ठेवली असणार हे त्याचं तोच ओळखतो. हे पुस्तक घ्या.

जोतिरावांचं नाव येऊ नये असा याचा अर्थ नाही. सावित्रीबाई लग्नानंतर त्यांच्याकडूनच शिकल्या, ते लपवायचं कशाला? पण पुस्तक तिच्या नावाचं आहे, तर वाक्यांचा कर्ताही ती असायला हवी.

आणखी चार गोष्टी बघून घ्या.

तारखा. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१, नायगाव. पुण्यात भिडेवाड्यातली शाळा १८४८. मृत्यू १० मार्च १८९७, प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना. या तीनपैकी एक जरी चुकलेली असली तर बाकीच्या पुस्तकावरही भरवसा ठेवू नका. झाशीच्या राणीचं मात्र वेगळं आहे: जन्माचं साल कुठे १८२८, कुठे १८३५ मिळतं. ती छपाईची चूक नव्हे, अभ्यासकांतच दोन मतं आहेत. पुठ्ठ्यावर दोन्ही साल लिहा. मुलांना हे आवडतं. मोठ्या माणसांनाही नक्की माहीत नसतं हे पुस्तकातूनच कळतं.

"पहिली" हा शब्द. जिथे दिसेल तिथे "पहिली कशात?" असं विचारायची सवय लावा. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्याच साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षंही पुरी होण्याआधी गेल्या. त्यांना दवाखाना चालवायला मिळालाच नाही. रखमाबाईंनी पुढे कित्येक वर्षं रुग्ण तपासले. "पहिली भारतीय महिला डॉक्टर" हा किताब तिघींच्याही नावापुढे छापलेला सापडतो.

संवाद. लहान मुलांच्या पुस्तकात थोडे रचलेले संवाद चालतात, गोष्ट त्याशिवाय हलत नाही. पण सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा शेख यांच्याबद्दल पानोपानी बोलणी असलेलं पुस्तक दिसलं तर ते कथा म्हणून वाचा. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रातला त्यांचा उल्लेख मोलाचा आहे, पण त्यावरून दीडशे पानांचे संवाद निघत नाहीत.

चित्रं. बाईचा रंग प्रत्येक पानावर उजळत जातो का ते बघा. उन्हात राबणाऱ्या शेतकरणीचं चित्र दागिन्यांच्या जाहिरातीतल्यासारखं असलं तर मुलं ते लगेच पकडतात आणि हसतात.

४. नावांचा गुंता आधीच सोडवा

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, आणि मोठ्यांचाही होतो.

दोन बहिणाबाई: एक सतराव्या शतकातली, शिऊरची, तुकारामांची शिष्या, दुसरी आपली चौधरी. दोन मुक्ता: संत मुक्ताबाई, आणि फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता साळवे, जिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयात छापून आला. तेव्हा ती चौदाएक वर्षांची होती. तीन रमाबाई: पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, रमाबाई आंबेडकर. तीन ताराबाई: औरंगजेबाशी झुंजलेली छत्रपती घराण्यातली राणी, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, ज्यांचं स्त्री-पुरुष तुलना हे पुस्तक १८८२ मध्ये निघालं, आणि बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक. आनंदीबाईही तीन: जोशी, कर्वे आणि पेशव्यांच्या घरातल्या. लीलाताई पाटीलसुद्धा दोन: अमळनेरकडच्या स्वातंत्र्यसैनिक, आणि कोल्हापूरला सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ.

उपाय साधा आहे. पुठ्ठ्यावर नाव लिहिताना त्यापुढे गाव आणि हातातलं काम लिहा. "बहिणाबाई, आसोदा, शेती आणि गाणी." "ताराबाई, बुलढाणा, पुस्तक." एका नावाच्या दोन बायका एकाच महिन्यात घेऊ नका.

५. पुस्तकं कुठून आणाल

जळगावात वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय, अमळनेरला साने गुरुजींच्या नावाचं ग्रंथालय. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय जिल्हा ग्रंथालय असतं. तालुक्याच्या वाचनालयात बालविभागाचं कपाट बऱ्याचदा कुलपात असतं. मागितलं की उघडतात, पण मागावं लागतं. दरवर्षी भरणाऱ्या जिल्हा ग्रंथोत्सवात प्रकाशकांचे स्टॉल लागतात आणि सवलत मिळते. पेन्सिलीची परीक्षा तिथे निवांत करता येते.

घरबसल्या हवं असेल तर मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. तारखा तिथे पडताळा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मोठ्या मुलांसाठी आणि तुमच्या स्वतःच्या तयारीसाठी. लहानांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं आहेत. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची पुस्तकं स्वस्त असतात आणि कागद टिकतो.

पीडीएफ मोबाईलवर वाचून दाखवू नका. तिसऱ्या पानाला फोन वाजतो आणि बैठक संपते. प्रिंट काढा, मधोमध दुमडून शिवा.

व्हॉट्सॲपवर फिरणारी "सावित्रीबाई म्हणाल्या" छापाची वाक्यं वापरायचीच नाहीत. त्यांचं स्वतःचं लिखाण उपलब्ध आहे. काव्यफुले हा संग्रह १८५४ चा. हवं तर त्यातलं घ्या.

६. वाचून दाखवताना अडणाऱ्या जागा

रीत थोडक्यात अशी. पुस्तक आदल्या दिवशी तुम्ही पूर्ण वाचा. बैठकीची वेळ ठरलेली ठेवा. मे महिन्यात खानदेशात दुपारी बारा ते चार कोणी बाहेर पडत नाही. ती वेळ वाचनासाठीच केलेली आहे. मध्ये थांबून अर्थ विचारू नका. अवघड शब्द वाचता वाचता सोप्यानं बदला.

खरी अडचण विषयांची. या बायकांची आयुष्यं सोपी नव्हती आणि पुस्तकं तिथे एक तर खोटं बोलतात किंवा पान उलटतात.

*बालविवाह.* सावित्रीबाई आणि आनंदीबाई नऊ वर्षांच्या, रखमाबाई अकरा, बहिणाबाई तेरा. तिसरीतली मुलगी लगेच हिशोब करते: "म्हणजे माझ्याएवढी?" हो म्हणा. "पूर्वी तशी चाल होती" एवढ्यावर मात्र सोडू नका, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी गल्लीत हे आजही घडलेलं असू शकतं. कायद्यानं मुलीचं वय अठरा लागतं आणि तक्रारीसाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक आहे, हे त्याच ओघात सांगा. आवाज बदलू नका.

*मारहाण.* आनंदीबाईंचे पती गोपाळराव त्यांना अभ्यासासाठी मारत. मुलांच्या पुस्तकांत गोपाळराव बहुतेक वेळा नुसते "प्रोत्साहन" देताना दिसतात. दहाच्या पुढच्या मुलांना दोन्ही सांगा: यानंच शिकवलं, यानंच मारलं. मुलं गोंधळतात. गोंधळू द्या, लगेच निकाल द्यायची घाई नको.

*जात.* शेण कोणी फेकलं? "वाईट लोकांनी" हे उत्तर खोटं आहे. मुलींनी, आणि ज्यांना अस्पृश्य मानत त्या घरांतल्या मुलांनी शिकू नये असं वाटणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फेकलं. सात वर्षांच्या मुलाला हे वाक्य पेलतं.

*सती.* १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या आणि मल्हाररावांनी त्यांना थांबवलं असं सांगतात. सहा वर्षांखालच्या मुलांपुढे हे पान गाळा आणि गोष्ट महेश्वरपासून सुरू करा. मोठ्यांना सांगताना चितेचं वर्णन नको, थांबवल्यानंतरची अठ्ठावीस वर्षांची कारकीर्द सांगा.

*बाळंतपण.* आनंदीबाईंचं बाळ दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. डॉक्टर व्हायचं त्यांनी का ठरवलं याचं उत्तर इथे आहे, म्हणून हे पान गाळू नका. बाराच्या पुढच्या मुलांना तापीकाठचंच आणखी एक नाव सांगता येईल. १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. तिच्यासाठी काय बांधलं ते पोरापोराला ठाऊक असतं. ती कशानं गेली हे विचारलं तर वर्ग गप्प होतो.

मुलगे आणि मुली एकत्र बसवा. "मुलींसाठी प्रेरणादायी" असं मुखपृष्ठावर छापलेलं असेल तर कव्हर घाला.

७. दोरी

प्रश्नपत्रिका नको, ही दोरी पुरे. भिंतीवर चार मीटर दोरी आडवी ताणा. डावं टोक १२५०. एक सेंटिमीटर म्हणजे दोन वर्षं. जन्मसालातून १२५० वजा करा, दोननं भागा, तिथे चिमटा आणि पुठ्ठा लावा.

मुक्ताबाई (परंपरेनं १२७९) साडेचौदा सेंटिमीटरवर येते. जिजाबाई (१५९८) १७४ वर. अहिल्याबाई दोनशे साडेसदतीसवर, म्हणजे २३७.५. सावित्रीबाई २९०.५, रखमाबाई (१८६४) ३०७, आनंदीबाई (१८६५) ३०७.५, बहिणाबाई ३१५. बहिणाबाईंच्याच चिमट्याला हेलन केलरचा पुठ्ठा लागतो. तीही १८८० चीच.

दोन गोष्टी आपोआप घडतात. मुक्ताबाई आणि जिजाबाई यांच्यामध्ये दीड मीटरहून जास्त दोरी रिकामी दिसते आणि कुणीतरी विचारतं, "मधे एकपण बाई नव्हती का?" होत्या, पण पुस्तकात फार थोड्या उरल्या. मग कान्होपात्रा आणि चांदबीबी शोधायला लावा.

दुसरी गोष्ट फितींची. प्रत्येकीच्या आयुष्याएवढी फीत त्याच मापानं कापा आणि पुठ्ठ्याखाली सोडा. रखमाबाईंची (१८६४ ते १९५५) साडेपंचेचाळीस सेंटिमीटर. शेजारीच आनंदीबाईंची, जेमतेम अकरा. इथे काही बोलायची गरज पडत नाही. मूल दोन्ही फिती हातात धरून बघतं.

वजाबाकी मुलांना करू द्या. चुकली तर चिमटा भलत्या शतकात लागतो आणि दुसरं मूल ओरडून सांगतं.

८. जयंती सांभाळा

३ जानेवारीला बालिका दिन, १२ जानेवारीला जिजाऊ, ३१ मेला अहिल्याबाई, २४ ऑगस्टला बहिणाबाई. शाळेत आदल्या दिवशी चिठ्ठी येते: "उद्या वेशभूषा, भाषण दोन मिनिटे." मग रात्री नऊवारीची शोधाशोध, कपाळावर आडवी चिरी आणि पाठ केलेलं भाषण. दुसऱ्या दिवशी मूल तिसऱ्या ओळीला अडतं, रडतं, आणि त्या बाईचं नाव पुढे वर्षभर काढू देत नाही.

हे टाळायचं तर तारखेच्या महिनाभर आधी वाचन सुरू करा. भाषणाऐवजी एक प्रसंग आणि एक वस्तू द्या: पिशवी आणि लुगडं, किंवा सुपानं उपणणी. अशा सादरीकरणात पाठांतर लागत नाही, हात चालतात. शिक्षक असाल तर वेशभूषेत मुलग्यांनाही या बायका होऊ द्या. पहिल्या वर्षी हशा होतो, दुसऱ्या वर्षी होत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी असतात, झोक्यांवर गाणी चालू असतात, बहिणाबाईंची आखाजीवरची रचना तेव्हा वाचा. गुलाबाईच्या गाण्यांच्या दिवसांतही हेच करता येतं.

अडलं तर

मूल दुसऱ्या पानावरच कंटाळलं: पुस्तक परत करा, तीच बाई तीन महिन्यांनी दुसऱ्या पुस्तकातून आणा. रेटलंत तर पुस्तक संपेल, पण बाई नावडती होईल.

एकाच बाईवरच्या दोन पुस्तकांत हकिकत वेगळी निघाली: दोन्ही पानं शेजारी उघडून ठेवा, विश्वकोशात बघा, मुलानं जे शोधलं ते पुठ्ठ्याच्या मागे त्याच्या अक्षरात लिहू द्या.

घर कापूस वेचणीला किंवा ऊसतोडीला बाहेरगावी जाणार: शिक्षकांनी निघण्याआधी कापडी पिशवीत तीन पातळ पुस्तकं, चार पुठ्ठे आणि पेन्सिल द्यावी. वाचनालयाच्या नोंदवहीत परतीची तारीख पंधरा दिवसांची नको, होळीनंतरची टाकावी. पुस्तकं मळून येतात. दोन-तीन हरवतात. दरवर्षीच्या खरेदीत तेवढी धरून ठेवा.